नाळ, दगड आणि आपल्या टाळ्या

आमच्या शिवाजी पेठेत आठ मार्च आता चांगलाच रुळला आहे. पूर्वी आम्ही दहा-पंधरा जणी हातात पोस्टरं धरून निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी उभ्या राहायचो, तेव्हा जाणारे-येणारे ‘ह्यांना घरात कामं न्हाईत काय?’ असं एकमेकांना विचारायचे. आता तालमी आणि तरुण मंडळंसुद्धा महिला दिन साजरा करतात. पैठणीचा खेळ असतो, संगीत खुर्ची असते आणि मध्ये एक व्याख्यान असतं. अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. विषय होता ‘कर्तबगार स्त्रिया’. जिजाऊ झाल्या, ताराराणी झाल्या, सावित्रीबाई झाल्या आणि मग वक्ते विठाबाईंकडे आले.

हकिकत तुम्हीही ऐकली असेल. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दिवस भरलेले, तरी बोर्डावर उभ्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. तशाच आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने ठेचून नाळ तोडली आणि लुगडं आवळून पुन्हा बोर्डावर आल्या. वक्त्यांचा आवाज चढला. ‘याला म्हणतात कलेवरची निष्ठा!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या आक्का बसल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन पोरं वाढवली आहेत. त्यांनी टाळी वाजवली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘बाई, मग त्या बाळंतिणीला चार दिस तरी पडू दिलं का न्हाई? शेक-शेगडी कुणी केली तिची?’

मला उत्तर देता आलं नाही. माझे हात टाळीच्या आकारात तसेच राहिले. मी शिक्षिका होते. माझ्या बाळंतपणाला १९८६ साली मला नव्वद दिवसांची पगारी रजा मिळाली होती. आईने डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, कोळशाची शेगडी खाटेखाली ठेवली. आणि हीच मी पुढे वर्षानुवर्षं शाळेत मुलींना विठाबाईंची ही गोष्ट ‘जिद्द म्हणजे काय’ ते समजावण्यासाठी सांगत आले. मैत्रिणींनो, त्याची मला आज लाज वाटते. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगणं बंद करा. ती एका कामकरी बाईची गोष्ट आहे. त्या बाईला बाळंतपणाची रजा नव्हती, सुईण नव्हती, दवाखाना नव्हता, एक दिवस काम बंद ठेवायची सोय नव्हती. एखादी गिरणी कामगार यंत्रापाशी बाळंत होऊन पुन्हा यंत्रावर उभी राहिली असती तर आपण मोर्चा काढला असता. विठाबाईंच्या बाबतीत आपण पुरस्कार काढला.

विठाबाई कोण होत्या?

१९३५ सालचा त्यांचा जन्म, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा नारायणगावचा फड महाराष्ट्रभर गाजलेला. फडाच्या नावातच ‘मांग’ हा शब्द होता. जाहिरातीच्या बोर्डावर, तिकिटावर, लाउडस्पीकरवर जात पुकारली जायची आणि लोक त्या नावानं तंबू भरायचे. त्याच लोकांच्या विहिरीवर त्या नावाला मज्जाव होता, हे निराळं सांगायला नको.

विठाबाई लहानपणापासून फडात वाढल्या. त्या गात, नाचत, वगात भूमिका करत. वग म्हणजे पुरतं नाटक असतं. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. रात्रभर एकच बाई राधा होते, मावशीच्या तावडीत सापडते, हजरजबाबी विनोद करते, मग राणी होऊन रडवते. हे सगळं छापील संहितेविना. ‘नाचणारी बाई’ या दोन शब्दांत आपण तिचा निकाल लावतो. नटी हा शब्द पांढरपेशा रंगभूमीसाठी राखून ठेवतो. विठाबाई विसाव्या शतकातल्या मराठी रंगभूमीच्या मोठ्या नटी होत्या, असं मी म्हणते आणि त्यात मला काही जास्तीचं वाटत नाही.

१९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींकडून दाद मिळाली. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी जवानांसमोर खेळ केले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड उभा केला. आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. राष्ट्रपतींच्या दोन सन्मानांत एका आजारपणाचा खर्च निघाला नाही. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. पण जीवनाचा गौरव करायला जीवन संपत येईपर्यंत थांबायचं, ही आपली जुनी खोड आहे.

निष्ठा की नाइलाज?

आता कुणी म्हणेल, ‘त्यांना कुणी जबरदस्ती केली होती का? त्या स्वतः त्या फडाच्या मुख्य कलावंत होत्या, नको म्हणाल्या असत्या तर?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने फड कसा चालतो ते एकदा बघावं.

ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपल्या की संपतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी देतात. पावसाळ्यात काम बंद. त्या चार महिन्यांत पोट कसं भरायचं? तर मालकाकडून उचल घ्यायची आणि ती पुढच्या हंगामात नाचून फेडायची. मालकही सुखी नसतो. तो सावकाराकडून आणतो. एक खेळ पडला तर त्या दिवसाची कमाई गेली, सुपारी परत द्यायची पाळी आली, शिवाय चिडलेल्या पब्लिकने कनात फाडली की ते नुकसान वेगळं. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सोंगाड्या, आचारी, ट्रकचा ड्रायव्हर, तंबू ठोकणारी पोरं अशी सगळी चूल त्या एका बाईच्या पायांवर पेटलेली. तिने ‘आज नाही’ म्हणायचं कसं?

उचल हा शब्द आपल्या कोल्हापूरकरांना नवा नाही. दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या याच शब्दाने बांधून आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. त्या फडालाही फडच म्हणतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याची प्रकरणं विधिमंडळात गाजली, तेव्हा आपण सगळ्या हादरलो. पाळीचे चार दिवस कामावर खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून बाई पिशवीच काढून टाकते, याला आपण निष्ठा म्हणालो का? नाही म्हणालो. आपण त्याला शोषण म्हणालो. मग उसाच्या फडात जे शोषण आहे ते तमाशाच्या फडात कला कसं होतं?

विठाबाईंचं आपल्या कामावर प्रेम नव्हतं, असं मी म्हणत नाही. ते होतंच. त्याशिवाय असा गळा आणि असे पाय तयार होत नाहीत. पण जिला पर्याय होता आणि जिने तो नाकारला, तिच्या कृतीला आपण निष्ठा म्हणू शकतो. इथे पर्यायच नव्हता.

त्या हकिकतीचा एक शेवट आहे आणि व्याख्याते तो बहुधा गाळतात. विठाबाई पुन्हा बोर्डावर आल्या तेव्हा समोरच्या लोकांच्या लक्षात आलं की बाईचं पोट दिसत नाही. काय झालं ते कळलं, तशा शिट्ट्या थांबल्या. लोकांनी हात जोडून सांगितलं, बाई, पुरे करा, आता विसावा घ्या. असं सांगतात. ज्यांना आपण अडाणी, शिट्ट्या फुंकणारं, फेटे उडवणारं पब्लिक म्हणतो त्यांनी खेळ थांबवला. आणि आपण शिकलेल्या बायका पंख्याखाली खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतो. आपल्या टाळ्यांनी तो खेळ अजून चालूच ठेवला आहे.

नावं कुणाची लागतात?

माझ्या घरापासून चालत जावं एवढ्या अंतरावर केशवराव भोसले नाट्यगृह आहे. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेलं हे पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुलं झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री पेठेतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मीही रडले. हे नाट्यगृह पुन्हा उभं राहिलंच पाहिजे, आणि त्याला केशवरावांचंच नाव पाहिजे. त्यात मला काही बदलायचं नाही.

पण रडता रडता एक गोष्ट मनात आली, ती सांगते. केशवरावांनी नाव काढलं ते आधी स्त्रीभूमिकांत, ‘शारदा’ करून. पुण्यात बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे. विलेपार्ल्यात दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिघेही मोठे गायक नट, आणि तिघेही शालू नेसून, पदर घेऊन उभे राहिलेले. बाईचं सोंग उत्तम करणाऱ्या पुरुषांच्या नावाने महाराष्ट्राने नाट्यगृहं बांधली. बाई असून रंगभूमीवर उभी राहिली तिच्या नावाने किती बांधली? तुमच्या गावातली नाट्यगृहं आठवा आणि बोटं मोजा.

नाट्यइतिहासही असाच लिहिला जातो. रंगभूमीवर स्त्री कधी आली असं विचारलं की १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी काढलेली नाट्यशाखा सांगतात, १९३३ चं ‘आंधळ्यांची शाळा’ आणि त्यातल्या ज्योत्स्ना भोळे सांगतात. या दोघींबद्दल मला आदरच आहे. आपल्या मिरजेच्या हिराबाईंनी काय सोसून तो फळा धरला असेल, याची कल्पना करावी. पण त्यांच्या कितीतरी आधी पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी होती. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली ही बाई. तिच्या नावावर तंबू भरत. ती मात्र ‘तमाशातली पहिली बाई’ म्हणून वेगळ्या पानावर. ‘मराठी रंगभूमी’ या पानावर तिला जागा नाही. रंगभूमीचं पान सवर्ण आणि तमाशाचं पान दलित, ही वाटणी कुणी केली? पुरुषप्रधानतेला जातीची जोड मिळाली की बाई दोनदा पुसली जाते, एकदा बाई म्हणून आणि एकदा जातीची म्हणून.

आणि सिनेमा? आपलं कोल्हापूर तर तमाशापटांचं माहेर. ‘पिंजरा’ १९७२ चा, कोल्हापूरच्याच व्ही. शांतारामांचा. तमाशातल्या बाईमुळे एका आदर्श मास्तराचा अधःपात होतो आणि आपण मास्तरासाठी रडतो. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये एक पैलवान गडी कलेपायी नाच्या होतो, त्याची मानहानी होते आणि आपण त्या गड्यासाठी रडतो. दोन्ही सिनेमे मी पाहिले, दोन्ही वेळा रडले. पण जी मानहानी पुरुषाला एका सिनेमापुरती सोसावी लागली तर तीन तासांची शोकांतिका होते, तीच बाईला जन्मभर रोज रात्री सोसावी लागली तर त्याला आपण परंपरा म्हणतो.

कायदा कागदावर

बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा आपल्या देशात १९६१ मध्ये झाला. कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी. १९७३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि घोड्यांचे खेळ, कसरती व ‘इतर प्रयोग’ दाखवणाऱ्या आस्थापनाही त्यात आल्या. म्हणजे सर्कशीतल्या बाईचा विचार दिल्लीत झाला होता. ‘इतर प्रयोग’ या दोन शब्दांत तमाशाचा फड बसत नाही, असं कुणी म्हणू शकेल का? २०१७ मध्ये ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि हा विषय पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. फडातल्या बाईला सहा महिने म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम.

मग हा कायदा राहुटीपर्यंत का पोचला नाही? कारण फडातल्या बाईला कामगार म्हणायला कुणी तयार नाही. मालकाला परवडत नाही, सरकारला आठवत नाही आणि समाज तिला एकतर कलावंत म्हणून डोक्यावर घेतो नाहीतर ‘तसली बाई’ म्हणून पायाखाली. हजेरीपुस्तकात तिचं नाव नाही, मग रजा कुठून मिळणार?

कलावंत आणि कामगार ही दोन माणसं नाहीत, हे अमेरिकेतल्या नटनट्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. १९१९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. थिएटरं बंद पडली. एथेल बॅरीमोर तेव्हाची तिथली मोठी नटी. तिला वैयक्तिक काही कमी नव्हतं, तरी ती संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. समूहात नाचणाऱ्या मुलींनी आपली संघटना बांधली आणि मारी ड्रेसलर ही लोकप्रिय विनोदी नटी तिची अध्यक्ष झाली. महिनाभराने मालकांना संघटनेचा करार मान्य करावा लागला. मोठ्या नटीने रांगेत शेवटी नाचणाऱ्या पोरीचा हात धरला, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पुरस्कार एकीला मिळतो आणि बाकीच्या पन्नास जणी ट्रकच्या मागच्या फळीवर झोपून पुढच्या गावाला जातात.

आणि आपण?

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. आपली चळवळही यात निर्दोष नाही. आम्ही विडी कामगार बायकांत गेलो, मोलकरणींची संघटना केली, परित्यक्तांच्या परिषदा भरवल्या. फडातल्या बायकांकडे कधी गेलो? गेलो ते अश्लीलतेवर चर्चा करायला. लावणीत बाईची वस्तू होते की नाही, यावर आम्ही शिबिरांत रात्री जागवल्या. त्या चर्चेला फडातली एकही बाई नव्हती. तिला विचारलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती, ते तुमचं चालू द्या, आधी जत्रेच्या मैदानात आडोसा तेवढा करून द्या, पहाटे जायला जागा नाही. आम्ही तिला कधी ‘पीडित’ म्हणालो, कधी ‘लोककलेचा ठेवा’ म्हणालो. आमची सभासद हो, असं म्हणालो नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तरी तिला बोलावतो का आपण?

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, सलग दोन वर्षं जत्रा भरल्या नाहीत. फड बसले. उचल घेतलेली, ती फेडायला खेळ नाहीत. विठाबाईंची थोरली मुलगी मंगला बनसोडे यांनी आईच्या पाठोपाठ स्वतःचा फड वर्षानुवर्षं चालवला. आज आपण त्यांच्याही मुलाखती आवडीने ऐकतो आणि मुलाखत घेणारा त्यांना हमखास आईच्या त्या बाळंतपणाबद्दल विचारतो. पुढच्या पिढीतल्या मुलींना बाळंतपणात काय मिळतं, हे मात्र विचारत नाही.

म्हणून, टाळ्यांऐवजी काही मागण्या करूया. प्रत्येक फडातल्या प्रत्येक बाईची कामगार म्हणून नोंद व्हावी आणि तिला ओळखपत्र मिळावं. बाळंतपणाच्या सहा महिन्यांचा मेहनताना शासनाने कल्याण निधीतून द्यावा, कारण कर्जात बुडालेल्या मालकावर तो टाकला तर मालक गरोदर बाईला कामावरून काढेल, एवढंच होईल. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी निर्वाह भत्ता मिळावा, म्हणजे उचलीची दोरी सुटेल. वृद्ध कलावंतांना शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून मानधन मिळतं, ते योग्यच आहे. पण बाईचं शरीर पंचविशीतही झिजत असतं, त्याचीही तरतूद हवी. जी यात्रा कमिटी फडाला सुपारी देते तिने मैदानात बंदिस्त न्हाणीघर, संडास आणि जवळच्या आरोग्य केंद्राची नर्स यांची सोय केलीच पाहिजे, अशी अट ग्रामपंचायतीने घालावी. फडातल्या मुलांसाठी हंगामभर वसतिगृह असावं. आणि कोल्हापूरच्या एका तरी रंगमंचाला एका नटीचं नाव असावं.

यातली ग्रामपंचायतीची अट घालायला ना दिल्ली लागते ना मुंबई. आपल्या जिल्ह्यात जत्रा काही थोड्या नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीत आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या गटातल्या सहा जणी सदस्य आहेत. त्यांनी येत्या हंगामाआधी ठराव मांडावा, असं मी या पानावरून त्यांना सांगते. मसुदा मी लिहून देईन.

आक्कांना मी हा लेख वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘एवढं लांबडं कशाला लिवलंसा बाई? इचारायचं एकच हाय की.’ खरं आहे. तर मैत्रिणींनो, येत्या आठ मार्चला तुमच्या गल्लीत कुणी ती दगडाची गोष्ट सांगायला लागलं की टाळी वाजवू नका. हात वर करा, उभ्या राहा आणि आक्कांचा प्रश्न विचारा: त्या बाळंतिणीची शेक-शेगडी कुणी केली?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.